त्याच पैशात जुना १२ इंची थ्री-वे की नवा साडेसहा इंची?

डबाबंद

स्पीकरची एक जोडी घ्यायची आहे आणि महिनाभर डोकं त्यातच अडकलंय. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

खोली ३.६ मीटर बाय ३.३ मीटर, ॲम्प ४० वॉटचा. समोर दोन पर्याय आहेत आणि गंमत म्हणजे दोन्हींची किंमत जवळजवळ एकच.

पहिली जोडी सत्तरच्या दशकाच्या शेवटीशेवटीची. बंद डबा, थ्री-वे म्हणजे सूर तिघांत वाटलेले: खालच्यांना १२ इंची वूफर, मधल्यांना ५ इंची मिडरेंज, वरच्यांना कागदी कोनाचा (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचा) ट्वीटर. मागच्या पट्टीवर ८ ओहम, ९१ डीबी (एका वॉटमध्ये आवाज किती मोठा, ते) असं छापलंय. एकेक डबा २२ किलोचा, आणि वरचं लाकूड असं की हात फिरवत बसावं. दुसरी जोडी नवी कोरी: साडेसहा इंची वूफर, रेशमी डोमचा ट्वीटर, ८६ डीबी, पुस्तकांच्या कपाटावर मावेल एवढी.

नवी जोडी मित्राकडून दोन दिवस उसनी आणली, विकणाऱ्याच्या घरी नेली आणि माझ्याच ॲम्पवर, व्हॉल्यूमचं बटण एकाच खुणेवर ठेवून दोन्ही आळीपाळीनं ऐकल्या. जुन्यांनी नव्यांना पार झाकून टाकलं. गाणं डब्यांतून येतंय असं वाटतच नव्हतं, भिंतीभिंतीतून येत होतं. फक्त खर्ज १२ इंचांच्या मानानं कमी वाटला. विकणारा म्हणाला, हॉल मोठा आहे, तुमच्या खोलीत भरून येईल.

खटकलं ते एवढंच, की वूफरच्या कडेचा फोम बोटाला चिकट लागला आणि मागची ट्वीटर कमीजास्त करायची बटणं फिरवताना खरखरतात. "एवढ्या जुन्या मालात चालायचंच" असं उत्तर मिळालं. मित्र म्हणतो, विकतचं दुखणं आहे.

तर, आवाज खरंच चांगला होता की कानांनी मला फसवलं? आणि घेतल्यावर अजून किती गळती लागणार?

पेन्सिलसेल

तीस वर्षं स्पीकर उघडतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

बटण एकाच खुणेवर ठेवून केलेली तुलना आधी रद्द धरा. ९१ आणि ८६ यांत ५ डीबीचा फरक आहे. दर ३ डीबीला शक्ती दुप्पट लागते, म्हणजे नव्या जोडीला साधारण तिप्पट वॉट दिले असते तेव्हा कुठे ती जुनीच्या बरोबरीनं वाजली असती. जो जरा मोठ्यानं वाजतो तो चांगला वाटतो, यात कानाचा दोष नाही, तो तसाच घडलाय. मी स्वतः एकदा ग्राहकासमोर एका जोडीची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली आणि नंतर लक्षात आलं, तिच्या बाजूचा बॅलन्स पुढे सरकलेला होता.

दोन्ही जोड्यांवर पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला सलग खळखळाट) वाजवा, फोन बसायच्या जागी ठेवा आणि आकडा जुळेपर्यंत बटण फिरवा. फोनमधलं मीटर अचूक नसतं, पण दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजायला पुरतं. मग गाणी लावा.

आता जुन्याच्या बाजूनं बोलतो, कारण त्यातही खोट नाही. केएलएच या कंपनीच्या नावातला शेवटचा एच म्हणजे अँटन हॉफमन. त्यांचा एक नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: लहान डबा, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. १९५४ साली एडगर विलचूर यांनी एआर-१ हा स्पीकर काढला तेव्हा त्यांनी तिसरी गोष्ट सोडली. डबा हवाबंद केला, आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं, आणि ज्या खर्जासाठी आधी कपाटाएवढं धूड लागायचं तो शेल्फवर मावणाऱ्या डब्यात आणला. बदल्यात ॲम्पला घाम फुटला. पुढे वॉट स्वस्त होत गेले तसे डबे आणखी लहान होत गेले, आणि तुमची नवी साडेसहा इंची जोडी त्याच वाटेवर आणखी पुढे गेलेली आहे. हे काही कोणी कारागिरी विसरल्यामुळे झालेलं नाही. लोकांना घरात लहान डबा हवा होता, त्याची किंमत डेसिबलमध्ये मोजली, एवढंच. मोठा कोन जेवढी हवा हलवतो तेवढी हलवायला लहान कोनाला जास्त पुढेमागे धावावं लागतं, आणि फार धावला की धापा टाकतो. आवाज वाढवत नेला की हा फरक ऐकू येतो.

दुसरं म्हणजे डब्याचा चेहरा. समोरची फळी जितकी रुंद तितका आवाज खालच्या सुरांपर्यंत समोरच्या दिशेनं जातो. त्याच्या खाली तो डब्याला वळसा घालून मागेही पसरतो आणि समोर बसणाऱ्याला कमी पडतो. ११५ ला रुंदीनं, तीही मीटरमध्ये, भागलं की ही पायरी साधारण कुठे येते ते हर्ट्झमध्ये कळतं. तुमच्या जुन्याची फळी ३८ सेंटिमीटर धरली तर ३०० हर्ट्झ, नव्याची २० धरली तर ५७५. ही पायरी बरोबर माणसाच्या आवाजाच्या अंगावरून जाते. नवे कारखानदार क्रॉसओव्हरमध्ये (वरचे-खालचे सूर वेगवेगळ्या कोनांना वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) ती भरून काढतात, पण भरायची म्हणजे वरचा आवाज खाली आणायचा, आणि पुन्हा ते ८६ डीबी.

इथे जुन्याचं कौतुक संपलं.

१२ इंची कोन साधारण हजार हर्ट्झच्या पुढे गेला की टॉर्चसारखा सरळ मारतो, बाजूला काही जात नाही. मग पाच इंची मिडरेंज हातात सूर घेतो आणि तो पुन्हा ऐसपैस पसरतो. ऐकणारा समोर बसून डोकं हलवत नसेल तर ठीक, पण भिंतींवरून परत येणारा आवाज वेगळ्याच रंगाचा असतो. त्या काळात याकडे फार कोणी बघत नसे. जेबीएल कंपनीचा एल१०० हा १९७० चा, घरोघरी गाजलेला, पुढे चौकोनी खळग्यांचा नारिंगी फोम असलेला. त्याच्या १२ इंची वूफरला वरून लगामच नव्हता. क्रॉसओव्हर होता तो फक्त मिडरेंज आणि ट्वीटरला खालचे सूर जाऊ न देण्यापुरता, वूफर मोकाट. २०१८ मध्ये त्याच चेहऱ्याचा नवा एल१०० क्लासिक निघाला. लोकांना चेहरा तोच हवा होता, आतलं काम मात्र आजचं आहे.

आता गळती. चिकट फोम म्हणजे फोम गेलेला आहे. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं कुजतं, न वापरता माळ्यावर ठेवलं तरी कुजतं. आज चिकट लागतोय, दोन महिन्यांनी भुगा होईल. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कड असती तर मी अवाक्षर काढलं नसतं. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असणार, म्हणजे वरचे सूर मंद. मागची बटणं आतून गंजलीयत. शंभरदा इकडून तिकडे फिरवून कधी सुटतात, कधी ट्वीटरच बंद पडतो. हे सगळं होतं, अवघडही नाही, पण त्याचा खर्च आणि तुमचे दोन रविवार विकणाऱ्याच्या किमतीत मिळवा आणि मग म्हणा दोन्ही सारख्या किमतीच्या आहेत.

घ्यायच्या आधी दोन कामं करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मागच्या टर्मिनलला लावा: ८ ओहमच्या वूफरला सहाच्या आसपास दिसायला हवं. काहीच दिसलं नाही तर कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) तुटली. आणि एक पेन्सिल सेल घ्या, धनाला धन, ऋणाला ऋण, क्षणभर टेकवा. कोन टप्पकन बाहेर येईल. ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो, त्यातून सेलचा करंट पुढे जात नाही, तेव्हा तो जळायची भीती नाही. काही जुन्या जेबीएलचा कोन उलटा आत जातो, कंपनीची रीतच तशी होती. दिशा कुठलीही असो, दोन्ही डब्यांची एकच हवी. नंतर चार बोटांनी कोन हलकेच, सगळीकडून सारखा दाबा. आत वाळू घासल्यासारखं झालं तर कॉइल घासतेय.

शेवटच्या गोष्टीबद्दल अनुभवाचे बोल. मी पहिल्यांदा फोम बदलला तेव्हा गोंद लावून झोपलो, आणि राहवेना म्हणून रात्री दोनला उठून कोन जरा नीट बसवला. सकाळी केसभर तिरका वाळलेला. वाजवला की प्रत्येक खालच्या सुराला खर्र. सगळा फोम खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

डेसिबल

पेन्सिलसेल यांच्या दुरुस्तीच्या ज्ञानाला सलाम, पण निम्म्या प्रतिसादात जुन्याला झुकतं माप आहे.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी ऐंशीच्या दशकात पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव दिसत नाही, लाकूड दिसत नाही, आणि आवाजाची पातळी जुळवलेली. लोकांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी एकसारखी निघाली: समोरून सपाट आणि बाजूनंही सुरळीत उतरत जाणारे स्पीकर. आज त्यावरूनच मोजमापाची पद्धत ठरलेली आहे, स्पीकरभोवती सगळ्या बाजूंनी सत्तर ठिकाणी मोजतात. १२ इंची वूफरवरून ५ इंची मिडरेंजवर होणारी उडी त्या आलेखात खड्ड्यासारखी दिसते. चाळीस वर्षांत हे एक काम खरोखर झालं आहे, आणि त्याचा फायदा सगळ्यांत जास्त मधल्या किमतीच्या स्पीकरना मिळालाय. त्या काळी डब्याचं माप बरंचसं हातखंड्यानं ठरायचं. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गणित मांडल्यावर भोकाच्या डब्यांचा (खर्जासाठी मुद्दाम भोक ठेवलेल्या) खर्ज कागदावर काढता येऊ लागला. आता ते गणित कोणीही घरी कॉम्प्युटरवर करतो.

दुसरी गोष्ट कोणी विचारलीच नाही. खोली ३.६ बाय ३.३ आहे. आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीनं भागा: एका बाजूचा कंप ४८ हर्ट्झवर, दुसऱ्या बाजूचा ५२ वर. दोन्ही एकमेकांच्या उरावर. म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपास तुमची खोली स्वतःच घुमणार. "तुमच्या खोलीत भरून येईल" हे विकणारा खरंच बोलला, फक्त काय भरून येईल ते बोलला नाही.

आणि ९१ डीबी ही छापील पट्टी आहे, ती कोणी, किती वॉटवर मोजली हे पाहा. नव्याचंही तेच. आजकाल २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला तो १ वॉट होतो, ४ ओहमला २ वॉट. तुमचा नवा स्पीकर ४ ओहमचा निघाला तर ते ८६ खरं तर ८३ आहेत. असं जुन्याच्या बाजूनंही बोलून दाखवलं, माप झुकतं म्हणायला नको.

पेन्सिलसेल

खोलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्या नजरेतून सुटला. पण एक आहे, बंद डब्याचा खर्ज खाली जाताना हळू उतरतो, दर सप्तकाला (ऑक्टेव्हला) १२ डीबी. भोकाच्या डब्याचा २४ नं कोसळतो. लहान खोली अगदी खालच्या सुरांना टेकू देते, तेव्हा बंद डबा तिथे अधिक शहाण्यासारखा वागतो. ५० चं घुमणं मात्र दोघांनाही चुकणार नाही. स्पीकर भिंतीपासून सरकवून आणि खुर्ची हलवून बघा, खुर्ची हलवायला पैसे पडत नाहीत.

टूल यांच्या चाचण्यांबद्दल वाद नाही. फक्त त्या चाचण्यांत सगळे जुने हरले असं कोणी समजू नये. क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक घ्या. कोन नाही, डबा नाही, ताणलेला पातळ पडदा. मोठ्यानं वाजवाल तर चालणार नाही, तळाचा खर्ज नाही, समोरून बाजूला सरकलात की रंग बदलतो. पण नेमक्या जागी बसून त्यावर बाईचा आवाज ऐकलात तर आजही घसा खाकरल्याचं कळतं. किंवा बीबीसीचा एलएस३/५ए, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला पिटुकला. ८२-८३ डीबी, म्हणजे कमालीचा आळशी, पण आवाजाचा मधला भाग पाण्यासारखा. अशांना आज जी किंमत येते तिच्यात थोडं कान, थोडं नाव आणि बरीचशी टंचाई असते.

नावाचं सांगतो. जुन्याची किंमत आवाजावर क्वचित ठरते. "अल्निको" (एका जुन्या जातीचं चुंबक) एवढा एक शब्द लेबलवर दिसला की आकडा फुगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाइरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गडबडीमुळे कोबाल्ट महाग झालं, अल्निकोत कोबाल्ट लागतं, म्हणून कारखान्यांनी फेराइटचं चुंबक उचललं. सगळी गोष्ट हिशेबाच्या वहीतली. पुढे तिची दंतकथा झाली. मी दोन्ही उघडलेत. अल्निको धक्क्यानं किंवा जबर वाजवल्यानं थोडं शक्ती गमावू शकतं, फेराइट त्या बाबतीत गाढवासारखं सोशिक.

माळ्यावरचा

दोन्ही जाणकारांपुढे मी कोण, पण मी हे प्रत्यक्ष भोगलंय म्हणून लिहितो.

माझी जुनी जोडी नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाली होती. वर्षभरात फोम, कॅपॅसिटर, एक ट्वीटर असं करत करत ती नव्याच्या किमतीला पोचली. ट्वीटरवर सगळ्यात जास्त हसं झालं. मूळ मिळेना, दुसऱ्या कंपनीचा बसवला, मग डाव्या बाजूची झांज उजवीपेक्षा चकाकायला लागली. शेवटी जोडीसाठी दोन्ही बदलले. मग मला विचारा, ही जुनी जोडी आहे का? डबा आणि वूफर जुना, बाकी सगळं माझं.

आणि कॅपॅसिटर बदलणार असाल तर एक सूचना. हौसेनं सगळे फिल्मचे भारी कॅपॅसिटर घातले आणि ट्वीटर एकदम कर्कश झाला. तेव्हा कळलं, जुन्या इलेक्ट्रोलिटिकच्या अंगातच थोडा रोध असतो आणि मूळ आखणी तो धरून केलेली असते. कॅपॅसिटरच्या जोडीला अर्ध्या ओहमचा रेझिस्टर लावल्यावर तब्येत सुधारली.

तरी विकली नाही अजून. रात्री अगदी हळू लावलं तरी डग्ग्याचा घुमारा अंगावर येतो, तो लहान डब्यात मला अजून मिळालेला नाही. घर बदलताना मात्र दरवेळी शिव्या घालतो.

डबाबंद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सेल, मल्टिमीटर आणि मित्राची नवी जोडी घेऊन पुन्हा गेलो होतो. विकणाऱ्यानं चेहरा केला, पण बसू दिलं.

आधी मल्टिमीटर. डावा ५.९, उजवा ६.१. छान. मग सेल. उजव्याचा कोन बाहेर आला. डाव्याला लावला, कोन आत गेला. मी सेल उलटा धरलाय वाटून तीनदा पाहिलं. विकणारा म्हणाला, असं कसं होईल. जाळी काढून वूफरचे चार स्क्रू सोडवले तर आत डाव्याची तार उलटी जोडलेली, सोल्डरचा डाग नवा चकचकीत, बाकीचे सगळे काळवंडलेले. म्हणजे मधे कधीतरी कोणीतरी वूफर काढून परत बसवलाय.

तार जागच्या जागी सरळ केली. वाजवलं आणि गायिका एकदम दोन डब्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. खर्ज तर असा आला की विकणाऱ्यानं टीपॉयवरचा पेला उचलून धरला. मला जे "भिंतीभिंतीतून येतंय" म्हणून आवडलं होतं ते बहुतेक एक कोन आत आणि एक बाहेर जात होता त्याचंच होतं.

मग पिंक नॉइजवर पातळी जुळवली. या वेळी नव्यांनी मार खाल्ला नाही. पियानोचे वरचे सूर त्यांच्यावर जास्त स्वच्छ होते आणि सोफ्याच्या टोकाला बसलो तरी गाणं तसंच राहत होतं. जुन्यांचं टोकाला जाऊन बसलं की तोंडावर रुमाल धरल्यासारखं होतं. आवाज वाढवल्यावर मात्र नवे आक्रसले, जुने हसत होते.

फोमचं, बटणांचं, उलट्या तारेचं सगळं सांगितल्यावर विकणारा किमतीत एक तृतीयांश खाली आला. जुनी जोडी घेतली. डेसिबल, रागावू नका, मी एकटाच ऐकतो आणि मधोमध बसतो. पण खोलीत लावल्यावर ५० हर्ट्झचं तुम्ही म्हणालात तस्संच झालं, खिडकीची काचसुद्धा त्यात सूर मिसळते. खुर्ची मागच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर बरंच निवळलं.

१२ इंची फोम मागवलाय. कॉइल मधोमध राहावी म्हणून भोवती पट्ट्या घालायच्या असं वाचलं. कागदाच्या चालतील का?

डेसिबल

रागावलो नाही, पण आलेख टाका. एक साधा माइक घ्या आणि खुर्ची सरकवण्याच्या आधीचं, नंतरचं असं दोन्ही मोजा.

पेन्सिलसेल

कागद दबतो आणि ओला गोंद पितो. फोटोच्या जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या घ्या, चार, चारी दिशांना. मधली टोपी ब्लेडनं हलकेच सोडवावी लागेल, ती नंतर परत चिकटते. आधी फोम कोनाला चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग बाहेरची कड फ्रेमला. आणि रात्री उठून बघायचं नाही.